प्रागच्या चौकातले दोन शेजारी

पुतळा कुणाचा बसवायचा आणि कुणाचा हलवायचा, यावरून गावात दोन तट पडणं आपल्याला नवं नाही. प्रागच्या जुन्या शहरातला मुख्य चौक मात्र या बाबतीत आपल्यालाही मागे टाकतो.

चौकात यान हुसचं भलंमोठं स्मारक आहे. चर्चमधल्या भ्रष्टाचारावर तुटून पडणाऱ्या या धर्मोपदेशकाला ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्समध्ये जिवंत जाळलं. त्याला पाचशे वर्षं झाली तेव्हा, १९१५ मध्ये, शिल्पकार लादिस्लाव्ह शालोउन याने घडवलेलं स्मारक इथे उभं राहिलं. शेजारी मेरीमातेचा स्तंभ होताच. स्वीडिश सैन्याच्या तावडीतून शहर वाचलं म्हणून १६५० मध्ये तो उभारला होता. पण अनेक चेक लोकांना त्यात राज्यकर्त्या हॅब्सबर्ग घराण्याची सत्ताच दिसे. २८ ऑक्टोबर १९१८ ला देश स्वतंत्र झाला आणि आठवडाभरात, ३ नोव्हेंबरला, जमावाने स्तंभ जमीनदोस्त केला. त्याची प्रतिकृती त्याच जागी उभी राहायला २०२० साल उजाडलं, तेही महापालिकेत बरीच हो-नाही झाल्यावर.

त्या स्तंभाच्या एका कामाबद्दल मात्र वाद नव्हता. त्याची सावली फरसबंदीतल्या ठरावीक रेषेवर आली, की प्रागची माध्यान्ह व्हायची. ती रेषा आजही पितळी पट्टीने दाखवलेली आहे.

पर्यटकांची खरी झुंबड उडते ती नगरभवनाच्या घड्याळापाशी. १४१० मधलं हे खगोलीय घड्याळ. तास भरत आला की सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून ख्रिस्ताचे शिष्य एकेक करून डोकावतात आणि शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. मला या खेळापेक्षा तबकडी आवडते. तिच्या बाहेरच्या कड्यावर दिवसाचे चोवीस तास सूर्यास्तापासून मोजतात. आपलं पंचांग घटका सूर्योदयापासून मोजतं, त्याच्या नेमकं उलट. दुसरं असं घडू नये म्हणून घड्याळ करणाऱ्या हानुशचे डोळे काढले, ही गाइड मंडळींची लाडकी गोष्ट. ती निव्वळ दंतकथा. घड्याळ केलं ते कादानच्या मिकुलाशने.

समोर टीन चर्चचे दोन टोकदार मनोरे. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे आत चिरनिद्रा घेतो आहे. हे चर्च दीर्घकाळ हुसपंथीयांचं होतं. कॅथलिकांचा विजय झाल्यावर दर्शनी भागावरचा त्यांचा सोन्याचा चषक वितळवला गेला आणि ते सोनं मेरीच्या मूर्तीसाठी वापरलं गेलं.

नगरभवनाची एक बाजू ओकीबोकी वाटते. ८ मे १९४५ रोजी, युद्ध संपता संपता, तिथली इमारत जळाली. तिच्या जागी काय बांधावं यासाठी अनेक स्पर्धा झाल्या, पण जागा अजून मोकळीच आहे.

जाणार असाल तर घड्याळासमोर खिसा-पाकीट सांभाळा आणि खेळ संपला की पूर्वेच्या भिंतीकडे वळा. तिथे फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस जडवलेले आहेत. हॅब्सबर्गांविरुद्धच्या बंडाच्या सत्तावीस पुढाऱ्यांना २१ जून १६२१ रोजी याच चौकात देहदंड दिला गेला.