हवामानाचे गणित आणि संकलनाची पूर्वतयारी

हवामानाचा अंदाज वर्तविण्याच्या कामी आज संगणक हे अपरिहार्य साधन ठरले आहे. त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींपैकी ‘वेदर रिसर्च अँड फोरकास्टिंग’ अर्थात ‘डब्ल्यूआरएफ’ ही एक प्रमुख आज्ञावली होय. अमेरिकेतील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राने तेथील अन्य शासकीय संस्थांच्या सहकार्याने ती विकसित केली. तिचे मूळ लेखन कोणासही विनामूल्य उपलब्ध आहे. तथापि, मूळ लेखन हाती आले म्हणजे आज्ञावली चालू लागली, असे मात्र नव्हे.

डब्ल्यूआरएफ ही मुख्यत्वे फोर्ट्रान व काही अंशी सी या संगणकीय भाषांत लिहिलेली आहे. संगणकाला या भाषा थेट कळत नाहीत. त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर करणे म्हणजे संकलन, आणि ते करणारा कंपायलर म्हणजे संकलक. संकलक, त्याच्या जोडीला लागणाऱ्या लायब्ररी आणि रूपांतराच्या वेळी दिलेल्या सूचना मिळून संकलनाचा परिसर तयार होतो. त्याची निवड चुकली तर पुढील सारे श्रम वाया जातात.

संकलक एकच असावा

डब्ल्यूआरएफचे निष्कर्ष ‘नेटसीडीएफ’ या पद्धतीने साठविले जातात. त्यासाठी लागणारी लायब्ररी आणि खुद्द डब्ल्यूआरएफ यांचे संकलन एकाच संकलकाने झालेले असावे, हा पहिला नियम आहे. फोर्ट्रानचे संकलक ज्या मोड्यूल फाइली निर्माण करतात, त्यांची घडण प्रत्येकाची निराळी असते. एकाने लिहिलेली फाइल दुसऱ्यास वाचता येत नाही. अनेक प्रोसेसरांवर काम वाटून देणाऱ्या ‘एमपीआय’ लायब्ररीसही हाच नियम लागू पडतो. तो न पाळल्यास बराच वेळ थांबूनही अखेरीस चालणारी फाइल तयारच होत नाही.

नवी आवृत्ती सदैव सोयीची नसते

विनामूल्य मिळणारा जीएनयू संकलक १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये आलेल्या त्याच्या दहाव्या आवृत्तीने फोर्ट्रानचे काही नियम कडक केले. पूर्वी केवळ इशारा देऊन सोडून दिल्या जाणाऱ्या विसंगती आता चुका ठरल्या आणि वर्षानुवर्षे चालत आलेले जुने लेखन अडून बसले. सवलत देणारी एक सूचना उपलब्ध आहे. तरीही आज्ञावलीच्या निर्मात्यांनी शिफारस केलेली आवृत्ती निवडणे अधिक श्रेयस्कर.

वेगाचा मोह

गती वाढविण्यासाठी संकलक बेरजेचा क्रम बदलू शकतो. त्यामुळे दशांशातील शेवटचे अंक किंचित बदलतात. हवामानाच्या गणितात हा फरक क्षुल्लक समजून चालत नाही. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी आपल्या प्रयोगात ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ हा आकडा भरला, तेव्हा काही काळाने दोन्ही अंदाज परस्परांहून पूर्णतः भिन्न झाले. म्हणून संकलनानंतर ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे उदाहरण चालवून पडताळा घेणे अगत्याचे आहे.

निवड कशी करावी?

घरच्या संगणकावर शिकणाऱ्या विद्यार्थ्यास लिनक्स व जीएनयू संकलक पुरेसे आहेत. विंडोज वापरणाऱ्यास २०१६ पासून उपलब्ध असलेल्या ‘डब्ल्यूएसएल’ या सोयीतून लिनक्सचा परिसर मिळतो. संपूर्ण परिसर बांधून दुसऱ्या यंत्रावर न्यावयाचा असल्यास ‘डॉकर’ उपयोगी पडते. अनेक लायब्ररींची सांगड घालावयाची असल्यास अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत निर्माण झालेले ‘स्पॅक’ हे साधन साहाय्यभूत ठरते.

महासंगणकाची गोष्ट निराळी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. अशा सामाईक यंत्रांवर संकलक व लायब्ररी सामान्यतः व्यवस्थापकांनी आधीच सिद्ध ठेवलेल्या असतात. वापरणाऱ्याने त्यांतून सुसंगत संच निवडावयाचा असतो. विशिष्ट प्रोसेसरसाठी संकलित केलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर कदाचित चालणार नाही, याचेही भान ठेवावे.

संकलकाचे नाव, आवृत्ती, लायब्ररी आणि दिलेल्या सूचना यांची नोंद निष्कर्षांसोबत जपून ठेवणे अत्यावश्यक आहे. अशी नोंद असेल, तरच एका ठिकाणी वर्तविलेला पावसाचा अंदाज दुसऱ्या ठिकाणी तपासून पाहता येईल.