जिटीकडचं दार

लेस्टर, डिसेंबर

सप्टेंबरात मुक्ताईनगरची एक मुलगी शिकायला इकडे आली. घर मिळेपर्यंत नऊ दिवस आमच्याकडे राहिली. दुसऱ्याच रात्री जेवणं आटोपल्यावर तिने बॅगेच्या तळातून एक लाल कापडी बटवा काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. आत गुलाबी कागदाच्या दोन पुड्या. एकीत कानातले टॉप आणि दोन बांगड्या, दुसरीत तिच्या आजीची गहूपोत. म्हणाली, "काकू, हे कुठं ठेवू?"

कॉलेज कुठं, बस कुठली, भाजी कुठं मिळते हे तिने अजून विचारलंही नव्हतं. आधी हे विचारलं. चौदा वर्षांपूर्वी मला ते विचारायला सुचलं नव्हतं, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे. आपल्या भागातून दरवर्षी मुलंमुली पुण्या-मुंबईला जातात, इकडेही येतात. पहिल्यांदा भाड्याच्या घराची किल्ली हातात येते तेव्हा कोणीतरी हे सांगायला हवं.

आधी इथलं घर कसं असतं ते सांगते. इंग्लंडमधलं लेस्टर हे जुनं गिरण्यांचं, मोजे-बनियन विणण्याचं गाव. कामगारांसाठी बांधलेल्या लाल विटांच्या घरांच्या ओळीच्या ओळी अजून उभ्या आहेत. भिंतीला भिंत लागलेली, पुढचं दार थेट फुटपाथवर, मागे हातभर परस. दोन ओळींच्या परसांमधून किंवा दोन घरांच्या मधून एक अरुंद बोळ जातो. त्याला इथले लोक जिटी म्हणतात. हा खास या भागातला शब्द आहे, लंडनच्या माणसालाही तो समजावून सांगावा लागतो. मुलांना परवडतात ती भाड्याची घरं बहुतेक अशीच. घर बघायला जाणारा पुढचं दार बघतो, स्वयंपाकघर बघतो, हीटर चालतो का बघतो. जिटीकडचं दार कोणी बघत नाही. चोर मात्र तेच बघतो, कारण तिथे रस्त्यावरच्या कोणाची नजर पोचत नाही.

आमच्याकडे तो तिथूनच आला. पहिलाच हिवाळा होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे घेतात आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. नवरा-बायको दोघंही कामावर, संध्याकाळी सहापर्यंत घरात दिवा नाही. ओळीतलं एकच घर काळोखात असलं की आत कोणी नाही हे लांबूनही कळतं. मागच्या दाराचं कुलूप सैल आहे, असं मी घर भाड्याने देणाऱ्या एजंटाला दोनदा सांगितलं होतं, तोंडी. घरी आलो तेव्हा टीव्ही होता, लॅपटॉपही होता. कपाट तेवढं उपसलेलं होतं आणि आईने लग्नात घातलेल्या पाटल्या गेल्या होत्या. कपड्यांच्या घडीत, साखरेच्या डब्यात, गादीखाली, अशा ज्या जागा आपल्याला आपल्या एकटीच्या वाटतात, त्या सगळ्या त्याने बघितल्या होत्या.

आपलं सोनं चोरणारे नेमके आपल्याच घरांत शिरतात, हा इथला जुना अनुभव आहे. बीबीसीने 2019 मध्ये पोलीस दलांकडून माहितीच्या अधिकारात आकडे मागवले. 2013 पासूनच्या काळात दक्षिण आशियाई कुटुंबांचं सुमारे 14 कोटी पौंडांचं सोनं चोरीला गेलं होतं, चोऱ्या 28 हजारांच्या घरात. आपल्याकडचं सोनं 22 कॅरेटचं असतं, वितळवलं की ओळख पुसते, आणि दिवाळी-लग्नात ते बँकेतून घरी येतं, हे चोरांना ठाऊक आहे. म्हणून दिवाळीच्या सुमारास पोलीस आशियाई वस्त्यांना दरवर्षी सावध करतात. दारावरच्या तोरणावरूनही घर ओळखू येतं. मी तरी तोरण काढलं नाही आणि काढणार नाही. दार बळकट करावं, तोरण राहू द्यावं.

सोन्याची ही ओढ लेस्टरला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावलं. दुकानं, घरं, गिरण्या तिथेच राहिल्या. पैसा नेण्यावर कडक बंधन होतं आणि विमानतळाच्या वाटेवर सैनिक अंगावरचे दागिनेही उतरवून घेत. जे लपवून आणता आलं त्यावर कित्येकांनी इथे संसार उभा केला. "लेस्टरला येऊ नका" अशी जाहिरात इथल्या नगरपालिकेने तेव्हा युगांडातल्या वर्तमानपत्रात दिली होती. तरी लोक आले, आणि आज बेलग्रेव्ह रोडवर सराफांच्या दुकानांची रांग आहे. तिथून जाताना मला जळगावचा सराफ बाजार आठवतो. त्यामुळे "सोनं कशाला हवं?" असं कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. ज्यांच्या आजीने पावसाने बुडालेल्या वर्षी पोत गहाण टाकून बियाणं आणलं, त्यांना सोनं कशाला हवं ते माहीत आहे. पण भाड्याच्या घरात ते कशाला, हा प्रश्न वेगळा आहे.

आपल्या गावात घर कोण राखायचं ते आठवून बघा. कुलूप होतंच, गोदरेजचंच असायचं. अर्देशीर गोदरेजांनी 1897 मध्ये लालबागला कुलपं करायला घेतली, तेव्हापासून ते नाव आपल्या घराघरात आहे. पण खरी राखण ओट्यावर बसलेल्या बाया करायच्या. मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली की गल्लीतली अर्धी माणसं महिनाभर वाटेवर. जाताना शेजारी एवढंच सांगायचं, "घराकडं लक्ष ठेवजा व माय." अनोळखी माणूस गल्लीत शिरला की चार ओट्यांवरून विचारणा व्हायची. आता तिकडेही दारं बंद राहू लागली आहेत. 2025 च्या दिवाळीनंतर जळगावात एकनाथ खडसे यांचं बंद घर फुटलं. आपल्या भागातल्या एवढ्या मोठ्या पुढाऱ्याचं घर, पण त्या दिवशी आत माणूस नव्हतं.

या देशात ओटा नाही. शेजारी वाईट नसतात. माझ्या डाव्या हाताची म्हातारी माझं पार्सल घेऊन ठेवते, मी तिच्या कुंड्यांना पाणी घालते. पण सकाळी आठ ते संध्याकाळी सहा गल्लीत कोणी नसतं. माणसांनी करायचं ते काम इथे कागदावर सोपवलेलं आहे, हे मला फार उशिरा उमगलं. चोरी झाली तेव्हा माझ्याकडे एकही कागद नव्हता.

त्या रात्री मी पोलिसांना फोन केला. चोर घरात असेल तर 999, निघून गेला असेल तर 101. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक नोंद क्रमांक दिला. घरफोडीच्या प्रत्येक ठिकाणी पोलीस जातील असं इंग्लंड-वेल्सच्या पोलीसप्रमुखांनी 2022 मध्ये जाहीर केलं, ते बरंच नंतर. मला त्यांनी विचारलं, दागिन्याचा फोटो आहे का? वजन किती? पावती? आईच्या पाटल्यांची पावती कोण मागतं! त्या कशा होत्या हे माझ्या बोटांना आठवत होतं, सांगता येत नव्हतं. घरमालकाचा विमा आहे असं समजून मी निर्धास्त होते. तो विमा भिंती-छपराचा असतो. भाडेकरूच्या चमच्यालाही तो लागू नाही. आपल्या सामानाचा विमा आपण वेगळा घ्यायचा असतो, हे मला चोरीनंतर तिसऱ्या दिवशी कळलं.

म्हणून त्या मुलीबरोबर मी घरं बघायला गेले. तिसरं घर तिला पसंत पडलं. तिघींबरोबर राहायचं, प्रत्येकीला आपली खोली. मी आधी मागे गेले. जिटीचं फाटक आतून लागतं का बघितलं. मागचं दार प्लास्टिकच्या चौकटीचं होतं. अशी दारं इथे सगळीकडे आहेत आणि त्यांचं एक वैशिष्ट्य नव्याला माहीत नसतं. दार नुसतं ओढून घेतलं की बंद वाटतं, पण मूठ वर उचलून किल्ली फिरवल्याशिवाय आतले सगळे खटके चौकटीत बसत नाहीत. शिवाय या दारांची जुनी कुलूप-नळी बाहेर थोडी पुढे आलेली असेल तर ती पकडीने मोडता येते, काही सेकंदांत. तसं होऊ न देणारी नळी मिळते, आणि ती बसवायला सुतार लागत नाही. लाकडी दाराला पाच लिव्हरचं कुलूप असावं आणि त्यावर पतंगाच्या आकाराची खूण व 3621 हा आकडा असावा. विमा कंपन्या तोच आकडा विचारतात.

कुलपाबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाते. लंडनच्या पिकॅडिलीत कुलपं बनवणाऱ्या ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेलं होतं. उघडून दाखवा आणि दोनशे गिनी घेऊन जा, असं आव्हान त्यावर होतं. साठ वर्षं कोणाला जमलं नाही. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेतून आलेल्या हॉब्स नावाच्या कुलूपकाराने ते उघडलं, सोळा दिवसांत मिळून 51 तास खपून. कुलूप चोराला कायमचं अडवत नाही, त्याचा वेळ खातं. आणि जिटीत उभ्या असलेल्या माणसाकडे 51 तास नसतात.

एजंटाला आम्ही विचारलं, आधीच्या भाडेकरूंनी सगळ्या किल्ल्या परत दिल्या का? तो घुटमळला. मग नळी बदलून देण्याचं लिहून घेतलं, मेलवर. तोंडी काही ठेवायचं नाही. घराचा ताबा घेताना इथे सामानाची यादी करतात. त्या दिवशी तिने प्रत्येक खिडकीच्या खिटीचा फोटो काढला. डिपॉझिटचंही इथे नीट आहे. साधारण भाड्याच्या घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही, आणि ते तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं. घरमालकाला घर पाहायला यायचं तर चोवीस तास आधी लेखी कळवावं लागतं. हे माहीत असलं की "मालकाचा माणूस आहे" म्हणणाऱ्याला दार उघडावं लागत नाही.

विम्याचे नियम वाचायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. चार मुली एका घरात राहतात तेव्हा बऱ्याच पॉलिसी म्हणतात, दार फोडल्याची खूण असेल तरच भरपाई. म्हणजे आपल्या खोलीला कुलूप नसेल आणि कोणी सहज उचलून नेलं तर काही मिळत नाही. ठरावीक रकमेच्या वरची वस्तू नावानिशी लिहून द्यावी लागते. एवढं करून मिळतं ते वजनाचं मोल.

लॉकर का नाही, असं तिच्या आईने फोनवर विचारलं. इथल्या मोठ्या बँकांनी लॉकरचा व्यवहार जवळजवळ गुंडाळला आहे. भारतीय स्टेट बँकेच्या इथल्या काही शाखांत आणि खासगी तिजोऱ्यांत ते मिळतात. पण 2015 च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या हॅटन गार्डनमधल्या खासगी तिजोरीची काँक्रीटची भिंत पोखरून चोरांनी खण फोडले. म्हणून तिथेही आत काय आहे त्याची यादी आणि विमा लागतोच. आपल्याकडेही तेच. 1 जानेवारी 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट एवढीच. दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. लॉकरमध्ये त्याहून जास्त असेल तर ती जोखीम आपली आहे, हे गावातल्या बायांना कोणीतरी बसवून सांगायला हवं.

शेवटी असं ठरलं. टॉप तिने कानात ठेवायचे. बांगड्या आणि गहूपोत आमच्याकडे ठेवायच्या. त्यांचा विमा मी माझ्या पॉलिसीत नावानिशी चढवला आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला मी मुक्ताईनगरला येणार आहे, तेव्हा बरोबर आणीन. निघताना मुंबईच्या कस्टममधून दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र तिने घेतलं होतं म्हणून बरं. ते नसतं तर आपलंच सोनं परत आणताना जकातीचा प्रश्न अधिक अवघड झाला असता. पासपोर्टच्या प्रती वेगळ्या ठेवल्या. लॅपटॉपवर पोस्टकोड कोरला. संध्याकाळी आपोआप लागणारा दिवा खिडकीत बसवला.

विम्यासाठी एकेका दागिन्याची यादी करत बसलो ती संध्याकाळ माझ्या लक्षात राहील. फोटो काढले, वजन लिहिलं. पुढचा रकाना होता, कधी व कुठून घेतलं. तिने आईला फोन लावला. आईने सासूला हाक मारली. म्हातारी फोनवर आली आणि सांगू लागली. केळीचा पहिला बाग उतरला ते वर्ष, जळगावच्या सराफात जायला बैलगाडीने स्टेशनपर्यंत, दुकानात बसायला दिलेली गादी, आजोबांनी दोनदा मोजलेले पैसे, आणि घरी येईस्तोवर पोत लुगड्याच्या गाठीत बांधून वर धरलेला हात. मुलगी लिहीत होती. रकाना दोन बोटांचा. तो भरला तशी तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहीत राहिली. मधे एकदा फोनवर म्हणाली, "हळू सांग व आजी, लिहू दे मला."