पुढच्या मुक्कामापर्यंतची सोबत

विनोबा गावातून निघायचे ते पहाटे, अंधारातच. पुढं कंदील, मागं गावकरी. सगळी यात्रा फार थोडे चालले. बाकीच्यांची सोबत आपल्या गावापासून पुढच्या मुक्कामापर्यंत, दहा-बारा मैलांची. दुसऱ्या दिवशी तिथली माणसं यायची.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. भूदान तिथं सुरू झालं. कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा हा माणूस मग १९६४ पर्यंत चालतच राहिला. मागणं एकच : घरात पाच मुलं असतील तर मला सहावा समजा, माझा हिस्सा द्या.

चालणं सोपं होतं हो! खरी मेख पुढंच. दानपत्रावर अंगठा उठला, पण सर्व्हे नंबर कुठला, हद्द कुठवर, भावकीचा वाद आहे का? मोजणी, वाटप, फेरफार ही कामं काही पायी चालणाऱ्यांच्या वेगानं झाली नाहीत. उद्दिष्ट होतं पाच कोटी एकरांचं. जाहीर झाली चाळीस लाखांवर. त्यातली पुष्कळ खडकाळ नाहीतर वादातली निघाली, बरीचशी वाटलीच गेली नाही. दोष नुसता दात्यांचा नव्हे, दप्तराचाही.

आजही काही सातबाऱ्यांवर भूदानाचा शेरा दिसतो. तसा दिसला, तर व्यवहाराआधी तलाठ्याकडं जुना फेरफार काढून बघावा.