हामिदच्या तीन पैशांत काय काय आले?

‘ईदगाह’ या कथेचे तात्पर्य काय, असे विचारले की मुले झटकन सांगतात, ‘आजीवर प्रेम करावे.’ उत्तर चुकीचे नाही. पण एवढेच सांगायचे असते तर मुन्शी प्रेमचंदांचे (१८८०–१९३६) काम एका ओळीत भागले असते. गोष्ट कशी बोलते हे कळायला तीन गोष्टी पाहाव्या लागतात: स्थळ-काळ, निवेदन आणि आशय. ‘ईदगाह’ उर्दूतही आहे, हिंदीतही आहे. म्हणून आपल्या घरात दादीपासून नातवापर्यंत सर्वांना ती एकत्र वाचता येते.

आधी स्थळ-काळ पाहू. रमजानचे रोजे संपून ईद आली आहे. गावातली मुले शहरातल्या ईदगाहकडे निघाली आहेत. महमूदच्या खिशात बारा पैसे, मोहसिनच्या खिशात पंधरा आणि हामिदच्या खिशात फक्त तीन. ईदगाहात चिंचेच्या सावलीत सफा लागतात. उशिरा येणारा मागे उभा राहतो; तिथे धन किंवा हुद्दा कोणी पाहत नाही. नमाज संपते, लोक गळाभेट घेतात आणि मुले शेजारच्या जत्रेत शिरतात. तिथे मात्र पुन्हा खिसा मोजला जातो. सफेत सगळ्यांच्या बरोबरीने उभा असलेला हामिद पाळण्यांपासून दूर, एकटा उभा राहतो. लेखकाने ही दोन ठिकाणे शेजारी-शेजारी ठेवली, हे उगीच नव्हे. जी बरोबरी सफेत दिसली ती पन्नास पावलांवर का टिकत नाही, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. जागाच तो विचारते.

आता निवेदन, म्हणजे गोष्ट कोण सांगतो आणि त्याला किती ठाऊक आहे. हामिदला वाटते की अब्बाजान पैसे कमवायला गेलेत आणि अम्मीजान अल्लाह मियाँच्या घरून छान छान वस्तू आणायला गेलीय. दोघेही आता या जगात नाहीत, हे निवेदक आपल्याला सुरुवातीलाच सांगतो. हामिदला माहीत नसलेले आपल्याला माहीत असते, म्हणून त्याचा आनंद वाचताना आपला गळा दाटतो. हीच गोष्ट हामिदने स्वतः सांगितली असती तर? आईवडिलांचे खरे आपल्याला कळले नसते. दादी अमीनाने सांगितली असती तर जत्रा हातची गेली असती. घरी मुलांना हा खेळ जरूर द्या: तीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून सांगायची.

शेवटी आशय. हामिद संत नाही. खेळणी मातीची आहेत, पडली की फुटतील, असे तो म्हणतो. पण हात मात्र खेळण्यांकडेच वळतात. मोहसिन रेवडी दाखवून चिडवतो, तेव्हा त्याला वाईट वाटते. परतीच्या वाटेवर चिमट्याची फुशारकी मारायलाही तो चुकत नाही. मूल मूलच आहे. म्हणूनच तव्यावरून रोटी काढताना भाजणारी दादीची बोटे त्याला आठवतात आणि सहा पैशांचा चिमटा तो घासाघीस करून तीन पैशांत घेतो, तेव्हा त्या निवडीला वजन येते. ज्याला मोह होत नाही, त्याच्या त्यागाची गोष्ट होत नाही.

घरी आल्यावर दादी आधी रागावते, दुपार झाली तरी काही खाल्ले-प्याले नाही म्हणून. मग कारण कळते आणि ती लहान मुलीसारखी रडू लागते. त्या क्षणी नातू मोठा होतो, दादी लहान. गरिबी मुलाला वेळेआधी मोठे करते, ही या गोष्टीतली बोचरी बाजू आहे. आजीवरचे प्रेम त्याच बोचणीतून उमलते. नुसते ‘प्रेम करावे’ म्हटले की ही बोच सुटून जाते.

म्हणून पुढच्या वेळी मुलांना ‘तात्पर्य काय?’ असे लगेच विचारू नका. गोष्ट कुठे घडते, कोण सांगतो आणि कोणाला काय ठाऊक नाही, हे आधी विचारा. तात्पर्य मग मुलेच सांगतील, आणि ते गाइडमधले नसेल.