बटण लपवलं म्हणून पान बंद होत नाही

वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये अ‍ॅडमिन, लेखापाल, ग्राहक अशा भूमिका ठरल्या की कोणतं पान कुणासाठी तेही ठरतं. मात्र हा नियम राखणारी तपासणी अनेकदा चुकीच्या जागी लिहिलेली असते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या ‘टॉप टेन’ धोक्यांच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातल्या त्रुटी पाचव्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर आल्या. त्यांच्या मुळाशी असणारे हे चार गैरसमज.

गैरसमज १ : मेन्यूतून लिंक काढली की झालं.
वस्तुस्थिती : पानाचा पत्ता कुणीही थेट टाइप करू शकतो. रिअ‍ॅक्ट किंवा अँग्युलरमधले राउट गार्ड वापरणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये चालतात, त्यामुळे ते चुकवता येतात. ती सोय आहे, सुरक्षा नव्हे. परवानगी प्रत्येक विनंतीला सर्व्हरनेच तपासायला हवी. पानासाठी आणि त्यामागच्या एपीआयसाठीही.

गैरसमज २ : लॉगिन झालं म्हणजे परवानगी मिळाली.
वस्तुस्थिती : माणूस कोण आहे आणि त्याला काय करता येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एचटीटीपीमध्ये त्यांची उत्तरंही वेगळी आहेत : ओळख पटली नाही तर ४०१, ओळख पटूनही अधिकार नसेल तर ४०३.

गैरसमज ३ : भूमिका तपासली की पुरे.
वस्तुस्थिती : ‘ग्राहक’ या भूमिकेला खात्याचं पान दिसायलाच हवं, पण कुणाच्या खात्याचं? २०११ मध्ये सिटीग्रुपच्या संकेतस्थळावर हल्लेखोरांनी आधी लॉगिन केलं, मग पत्त्यातले खाते क्रमांक बदलत साडेतीन लाखांहून अधिक कार्डधारकांची माहिती मिळवली. म्हणून भूमिकेसोबत नोंदीची मालकीही तपासा.

गैरसमज ४ : मिडलवेअरमध्ये, म्हणजे विनंती पानापर्यंत पोचण्याआधीच्या टप्प्यावर, एकदा तपासलं की आत सगळं सुरक्षित.
वस्तुस्थिती : मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट.जेएस या वेब फ्रेमवर्कमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली. विनंतीसोबत एक विशिष्ट हेडर पाठवलं की मिडलवेअरच वगळलं जाई. केवळ त्याच्यावर विसंबलेली पानं त्यामुळे उघडी पडत. डेटा जिथून वाचला जातो, तिथेही तपासणी हवीच.

नवं पान आधी सर्वांना बंद ठेवा आणि लागेल त्या भूमिकेलाच उघडा. मग सर्वांत कमी अधिकारांच्या खात्याने लॉगिन करून अ‍ॅडमिनचा प्रत्येक पत्ता मागून पाहा. ही चाचणी स्वयंचलित करून प्रत्येक रिलीजआधी चालवा. लोकांनी विश्वासाने सोपवलेल्या माहितीसाठी एवढं करणं आपलं कर्तव्यच आहे.