पाव किलो मटकीत पाच माणसांचं जेवण

कोल्हापूरचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण मटण होतं ते बुधवारी, रविवारी किंवा पाहुणा आला म्हणून. बाकीचे दिवस इथली चूल पेटते ती मटकी, मसूर, चवळी, हुलगा, पावटा आणि हरभऱ्यासाठी. एक किलो मटणाच्या पैशांत चार-पाच किलो कडधान्य सहज येतं. त्यामुळे महिनाअखेरीलाही घरात सगळ्यांना पोटभर आणि कसदार जेवू घालता येतं. फक्त उद्या काय करायचं, हे आज ठरवावं लागतं.

किती घ्यायचं?

पाच माणसांना पाव किलो कोरडी मटकी पुरते. भिजून, मोड येऊन ती दुपटीहून जास्त फुगते. कडधान्यात शंभर ग्रॅममागे वीस ते चोवीस ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे या पाव किलोतून पन्नास-साठ ग्रॅम मिळाली. कडधान्यात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते ज्वारीत असतं आणि ज्वारीत कमी असतं ते कडधान्यात. म्हणून उसळीबरोबर भाकरी हवीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2000 कॅलरींच्या आहारात दिवसाला 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं सुचवली आहेत. उसळीतून माणशी पन्नास झाली, उरलेली दुसऱ्या वेळच्या आमटीतून भागतात.

मोड आणायची रीत

मटकी आधी ताटात पसरून निवडा. खडे तिच्याच रंगाचे असतात आणि दाताखाली आल्यावरच कळतात. दोन-तीन पाण्यांनी धुऊन सकाळी कोमट पाण्यात भिजत घाला. रात्री पाणी ओतून द्या. पोटात गॅस धरणाऱ्या साखरेचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. मग ओल्या सुती फडक्यात बांधून चाळणीत ठेवा आणि वर ताट झाका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोड फडक्यातून डोकावू लागतात. थंडीत अर्धा दिवस जास्त लागतो. तेव्हा पुरचुंडी शेगडीजवळ ठेवावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र फडकं चिकट होतं, वास धरतं. मध्ये एकदा मटकी धुऊन फडकं बदललं की ते टळतं.

मोड आल्यावर दाण्यातलं फायटिक आम्ल कमी होतं आणि लोह अंगी जास्त लागतं. क जीवनसत्त्वही तयार होतं, पण शिजवताना त्यातलं बरंच जातं. ती कसर भरून काढायला ताटात लिंबाची फोड ठेवावी.

फोडणी आणि कट

तेलात मोहरी, कढीपत्ता, बारीक चिरलेला कांदा. कांदा तांबूस झाला की आच अगदी मंद करून कांदा-लसूण चटणी घाला, कारण ती क्षणात करपते. लगेच मटकी घालून परता, झाकणाच्या ताटात पाणी ओता आणि तेच तापलेलं पाणी लागेल तसं आत सोडा. गार पाणी घातलं तर रश्शाला ना रंग येतो, ना तवंग. मोडाच्या मटकीला कुकर लागत नाही. पंधरा मिनिटांत ती बोटाने दबते. आमसूल किंवा चिंच शेवटी घाला. आंबट आधी पडलं तर दाणा कुचर राहतो.

अर्धी उसळ अंगाबरोबर रस ठेवून भाकरीशी खावी. उरलेल्या अर्धीत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि भरपूर गरम पाणी घालून कट करावा. सकाळी तोच उकळून वर फरसाण, कांदा, कोथिंबीर आणि बरोबर ब्रेड दिला की पोरांचा नाष्टा झाला. कोल्हापुरी मिसळीचा एवढा बोलबाला आहे, पण ती घरात शिळ्या उसळीतून इतकी सहज होते.

भिजवायचं विसरलात तर

अख्खा मसूर आहे. कराड-इस्लामपूर-कोल्हापूर पट्ट्यातल्या धाब्यांनी तो गाजवला, पण घरी निम्म्या तेलातही तो तितकाच चांगला लागतो. न भिजवता कुकरच्या चार शिट्ट्यांत शिजतो.

हुलगा आणि घेवडा

हुलगा बैलांचं खाणं म्हणून मागे पडला, हे वाईट झालं. शिजवलेल्या हुलग्याचं पाणी फेकू नका. लसणाची फोडणी देऊन त्याचं कळण करा. दाण्यांची उसळ वेगळी होते, म्हणजे एकाच शिजवणीत दोन पदार्थ. थंडीत हुलग्याच्या पिठाचं गूळ घालून केलेलं माडगं म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणीला देतात.

लाल घेवडा म्हणजे राजमा मात्र कधीही अर्धकच्चा खाऊ नये. त्यातल्या लेक्टिनने उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवून ते पाणी टाकायचं आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळून मग मऊ शिजवायचा.

खरेदी

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात कडधान्य घेताना नव्या हंगामाचा माल मागा. जुना दाणा कितीही शिजवला तरी टणक राहतो, आणि मऊ करायला सोडा घातला तर ब-1 जीवनसत्त्व नासतं. आणल्यावर उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. सुरुवातीला मटकी, मसूर आणि हुलगा एकेक किलो आणा. पाव किलोच्या हिशेबाने तेवढ्यात पाच माणसांची बारा जेवणं होतात.