बीजगणिताच्या वहीतले डावे पान

बीजगणिताशी मुलांची पहिली गाठ पडते ती सहावी-सातवीच्या वर्गात. तोवर गणित म्हणजे संख्या, त्यांवरील क्रिया आणि शेवटी येणारे उत्तर, एवढाच अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. मग संख्येच्या जागी अक्षर येते. कधी 'सोपे रूप द्या' तर कधी 'उकल काढा' अशी सूचना येते, आणि आतापर्यंत बरे गुण मिळवणारा विद्यार्थीही गोंधळतो. हा गोंधळ वहीत बहुधा दिसत नाही, कारण वहीत फळ्यावरचे उदाहरण जसेच्या तसे उतरलेले असते. मांडणी नीटनेटकी, उत्तर बरोबर, खाली शिक्षकांची सही. चूक उघडी पडते ती थेट परीक्षेत. तोपर्यंत 'मला गणित जमत नाही' हे मत मुलाच्या मनात पक्के होऊन बसलेले असते.

वहीचा उपयोग केवळ उतरवून घेण्यासाठी न करता विचार करण्यासाठी करावा, या हेतूने अमेरिकेतील शाळांमध्ये 'संवादी वही' ही पद्धत रूढ झाली. कॅलिफोर्नियातील टीचर्स करिक्युलम इन्स्टिट्यूट या संस्थेने १९९० च्या दशकात ती प्रामुख्याने इतिहास आणि सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनासाठी पुढे आणली. पुढे गणिताच्या शिक्षकांनीही ती उचलली. २०१० मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या 'कॉमन कोअर' अभ्यासक्रम-मानकांत सहावी ते आठवीसाठी 'राशी आणि समीकरणे' असा स्वतंत्र विभाग आहे. या विभागासाठी अशा वह्यांचा वापर तेथे विशेष दिसतो.

दोन पाने, दोन कामे

या वहीची रचना अगदी साधी आहे. वही उघडली की समोर येणाऱ्या दोन पानांपैकी उजवे पान शिक्षकांचे. त्यावर व्याख्या, नियम आणि सोडवून दाखवलेली उदाहरणे येतात. डावे पान मात्र विद्यार्थ्याचे. उजव्या पानावरील मजकुराचे त्याने काय केले, हे तेथे दिसले पाहिजे. नियम स्वतःच्या शब्दांत सांगणे, आकृती काढणे, स्वतः उदाहरण तयार करणे, चुकीचे सोडवलेले गणित तपासून चूक कोठे झाली ते लिहिणे, अशी कामे डाव्या पानावर केली जातात. पहिली काही पाने अनुक्रमणिकेसाठी राखलेली असतात आणि प्रत्येक पानाला क्रमांक असतो. त्यामुळे वर्षअखेरीस ही वही म्हणजे मुलाने स्वतः तयार केलेले संदर्भपुस्तकच ठरते. घडीच्या कागदाच्या झडपाही काही पानांवर चिकटवलेल्या असतात. बाहेर प्रश्न आणि झडप उचलली की आत उत्तर, असे त्यांचे स्वरूप असते.

राशी आणि समीकरण

या पद्धतीचा खरा कस लागतो तो बीजगणिताच्या पहिल्याच धड्यात. '३क्ष + ५' ही बैजिक राशी आहे. तिचे 'उत्तर' काढायचे नसते, हेच मुलांना पटत नाही. अंकगणिताच्या सवयीने हात पुढे जातो आणि ती '८क्ष' असे लिहून मोकळी होतात. शिक्षक फुली मारतात, मूल नवे उत्तर उतरवून घेते. पण मनातील समज तशीच राहते.

संवादी वहीत हाच प्रश्न डाव्या पानावर येतो. एका पेनाची किंमत क्ष रुपये आणि एका खोडरबराची ५ रुपये असेल, तर ३ पेने आणि १ खोडरबर यांची किंमत '३क्ष + ५' रुपये, असा प्रसंग विद्यार्थी स्वतः लिहितो. त्यानंतर क्षच्या निरनिराळ्या किमती घेऊन तो कोष्टक भरतो. क्ष १० असेल तर '३क्ष + ५' ची किंमत ३५ येते आणि '८क्ष' ची ८०. क्ष २ असेल तर ११ आणि १६. दोन्ही राशी एक नाहीत, हे कोणी न सांगता कळते. याच कोष्टकात एक गंमत दडलेली आहे. क्ष १ असेल तर दोन्हींची किंमत ८ येते! ज्या मुलाने केवळ १ ही किंमत घेऊन पाहिली, त्याला आपले उत्तर बरोबरच वाटणार. ज्याने अनेक किमती घेतल्या, त्याला मात्र दोन गोष्टी एकदम उमगतात. दोन राशी समान असणे म्हणजे क्षच्या प्रत्येक किमतीला समान असणे; आणि '३क्ष + ५ = ८क्ष' हे समीकरण म्हणजे त्या दोन राशी नेमक्या कोणत्या किमतीला समान होतात, हा प्रश्न. राशी आणि समीकरण यांतील भेद पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा या एका कोष्टकाने अधिक स्पष्ट होतो.

बरोबरच्या चिन्हाचा अर्थ

दुसरी अडचण '=' या चिन्हाची आहे. १५५७ मध्ये इंग्लंडमधील रॉबर्ट रेकॉर्ड यांनी हे चिन्ह छापील ग्रंथात प्रथम वापरले. दोन समांतर रेषांहून अधिक समान दुसरे काहीच असू शकत नाही, असे त्याचे कारणही त्यांनी दिले. मुलांच्या लेखी मात्र या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिहा' एवढाच असतो. '८ + ४ = □ + ५' या चौकटीत कोणती संख्या येईल, असा प्रश्न अमेरिकेत सहावीच्या १४५ विद्यार्थ्यांना विचारण्यात आला होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांनी १२ किंवा १७ असेच उत्तर दिले. ७ हे बरोबर उत्तर एकानेही दिले नाही. '३ × ७ = २१ + ५ = २६' अशी आपल्याकडील वह्यांत सर्रास आढळणारी साखळी याच समजुतीतून येते.

म्हणून समीकरणाच्या डाव्या पानावर तराजूचे चित्र असते. '३क्ष + ५ = २६' यात दोन्ही पारड्यांतून ५ काढले की ३क्ष आणि २१ उरतात; दोन्हींचे तीन समान भाग केले की क्ष ७. शेवटी ही किंमत मूळ समीकरणात घालून ताळा करायचा. आपल्याकडे 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हे सूत्र पाठ करून घेतले जाते. ते चुकीचे नाही; पण त्यामागील तराजू विसरला गेला, तर '३क्ष = २१' यावरून मूल क्ष १८ असे काढते. ३ पलीकडे नेले, चिन्ह बदलले, वजा केले! असे चुकीचे उदाहरण मुद्दाम देऊन 'येथे काय बिघडले?' हे दोन ओळींत लिहायला लावणे, हे डाव्या पानावरचे सर्वांत मोलाचे काम होय.

अक्षर कशासाठी?

अक्षर म्हणजे वस्तूचे नाव, हाही गैरसमज खोलवर रुजलेला असतो. एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या 'व' आणि प्राध्यापकांची 'प' मानून समीकरण लिहा, असा प्रश्न अमेरिकेत अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारला गेला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ३७ टक्के विद्यार्थी चुकले. 'व = ६प' ऐवजी '६व = प' ही त्यांची नेहमीची चूक. वर्गात 'अ म्हणजे आंबे' असे सोपे करून सांगण्याचा धोका येथे दिसतो. अक्षर आंब्यांचे नसते, आंब्यांच्या संख्येचे किंवा किमतीचे असते.

भारतीय परंपरेने ही कल्पना फार पूर्वी हाताळली होती. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे आहेत आणि 'या', 'का', 'नी' ही त्यांची आद्याक्षरे लिहिली जातात. ज्ञात संख्येसाठी 'रू' म्हणजे रूप. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडल्या जात. 'या ३ रू ५' आणि त्याखाली 'या ० रू २६' अशी मांडणी मुलांनी डाव्या पानावर करून पाहिली, तर दोन्ही बाजू समान दर्जाच्या आहेत हे डोळ्यांना दिसते. 'समीकरण' या शब्दाचा अर्थही 'सम करणे' असाच आहे.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही या संक्रमणाचा अभ्यास झाला आहे. राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमणियम यांनी सहावीच्या विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या या कामावरील शोधनिबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. '१९ − ७ + ४' यात चिन्हासह पदे वेगळी ओळखायला शिकवणे, म्हणजे +१९, −७ आणि +४ अशी पाहायला लावणे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. अंकगणितातच ही दृष्टी आली, तर पुढे ३क्ष आणि ५ ही वेगळी पदे मिसळण्याची चूक टाळणे सोपे जाते. पदांभोवती चौकटी आखण्याचे हे काम डाव्या पानाला अगदी साजेसे आहे.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कापणे-चिकटवणे यांत तासिका संपून जाऊ शकते आणि वही विचारांची न राहता हस्तकलेची होते. रंगीत झडपांना गुण मिळू लागले, की पालकच त्या करून देऊ लागतात. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक वही रोज पाहणे शिक्षकाला शक्य नाही. दररोज पाच-सहा वह्यांची फक्त डावी पाने पाहिली, तरी वर्गाचा गोंधळ कोठे आहे याचा अंदाज मात्र येऊ शकतो. कात्री-गोंद नसला तरी चालते; शंभर पानी साधी वही पुरते.

महाराष्ट्राला या बाबतीत ताजा अनुभव आहे. २०२३-२४ या वर्षापासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने जोडण्यात आली होती. मुले वेगळ्या वह्या वापरतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. कोरे पान दिले म्हणजे मूल त्यावर विचार लिहीलच असे नाही, हा त्यातील धडा आहे. त्या पानावर नेमके काय करायचे हे ठरलेले हवे, त्यात चुकण्याची मुभा हवी आणि ते वाचणारे कोणीतरी हवे. फळ्यावरून उतरवलेले पान शिक्षकाने काय शिकवले ते सांगते. मूल काय शिकले, हे कळण्यासाठी त्याचे स्वतःचे पानच पाहावे लागते.